देवाच्या खटल्यातले शास्त्रज्ञ साक्षीदार

वर्गातला एक मुलगा नास्तिक प्राध्यापकाची बोलती बंद करतो. थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, तसं दुष्टपण म्हणजे देवाचा अभाव, असा त्याचा युक्तिवाद. प्राध्यापक मुकाट्याने खाली बसतात आणि शेवटच्या ओळीत कळतं की तो मुलगा म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन! हा मजकूर तुमच्या फोनवरही एकदा तरी येऊन गेला असेल, बहुधा एखाद्या काकांकडून, भल्या पहाटे. आइन्स्टाइन यांच्या चरित्रांत किंवा पत्रांत या प्रसंगाचा मागमूस नाही. गोष्टीच्या जुन्या आवृत्त्यांत तर त्या मुलाला नावच नव्हतं. ते मागाहून चिकटवलं गेलं.

चिकटवण्याची गरज का पडली, हे उघड आहे. युक्तिवाद लंगडा असला की वजनदार साक्षीदार लागतो. देवाच्या वादात हे दोन्ही बाजू करतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

‘आइन्स्टाइन आस्तिक होते.’ ‘छे, कट्टर नास्तिक!’

१९२९ साली न्यूयॉर्कचे ज्यू धर्मगुरू हर्बर्ट गोल्डस्टीन यांनी आइन्स्टाइन यांना तार केली. तुमचा देवावर विश्वास आहे का, उत्तराचे पैसे भरले आहेत, पन्नास शब्दांत कळवा. आइन्स्टाइन यांना पन्नास शब्दही लागले नाहीत. विश्वाच्या सुसंगतीतून प्रकट होणारा स्पिनोझाचा देव मी मानतो, माणसांच्या नशिबात आणि करणीत लक्ष घालणारा नाही, अशा आशयाचं त्यांचं उत्तर होतं. हा स्पिनोझा म्हणजे सतराव्या शतकातला अॅमस्टरडॅमचा तत्त्वज्ञ, ज्याला त्याच्याच ज्यू समाजाने १६५६ साली बहिष्कृत केलं होतं. म्हणजे नवसाला पावणारा, संकटात धावून येणारा देव आइन्स्टाइन यांच्या जगात नव्हता. १९५४च्या जानेवारीत तत्त्वज्ञ एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात ते आणखी स्पष्ट बोलले: देव ही कल्पना माणसाच्या दुबळेपणातून आलेली आहे. २०१८ साली या पत्राचा लिलाव झाला तेव्हा त्याला जवळपास २९ लाख डॉलर मिळाले. तरीही कोणी आपल्याला नास्तिकांच्या गोटात ओढलं की ते वैतागत.

देव फासे टाकत नाही, हे त्यांचं वाक्य तर श्रद्धेबद्दलचं नव्हेच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना १९२६ साली लिहिलेल्या पत्रातली ती पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेविरुद्धची कुरकुर होती, आणि त्या वादात भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने गेलं नाही.

‘शास्त्रज्ञ म्हणजे नास्तिकच.’

१९१४ साली जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं, की प्रार्थना ऐकून उत्तर देणारा देव तुम्ही मानता का? सुमारे ४२ टक्के ‘हो’ म्हणाले. पुढे नास्तिकांचं प्रमाण वाढत जाईल असा ल्यूबांचा अंदाज होता. १९९६ साली लार्सन आणि विदम या अभ्यासकांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ३९ टक्के निघाले. मधल्या काळात पुंजभौतिकी आली, डीएनएची रचना उलगडली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आकडा जवळपास जागच्या जागी!

आस्तिकांनी इथे टाळ्या वाजवण्याआधी थांबावं. याच जोडीने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांना, म्हणजे निवडक बड्या शास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा आकडा ७ टक्क्यांवर आला. ज्याला जो आकडा सोयीचा, तो घेऊन तो भांडतो. नुसती संख्या मात्र कारण सांगत नाही. विज्ञानामुळे श्रद्धा सुटते, की श्रद्धा सैल असलेली मंडळी विज्ञानाकडे जास्त वळतात? शिवाय देश बदलला की चित्रही बदलतं. समाजशास्त्रज्ञ इलेन एकलंड यांच्या पाहणीत भारत, इटली, तैवान आणि तुर्कस्तानातल्या निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञांनी स्वतःला धार्मिक म्हटलं.

‘महास्फोटाने देव सिद्ध केला.’

विश्व एका अतिघन अवस्थेतून प्रसरण पावत आलं, ही महास्फोटाची कल्पना मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होते. विश्व कायम असंच होतं असं मानणारा स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडणारे आणि महास्फोटाला कायम विरोध करणारे फ्रेड हॉयल निरीश्वरवादी होते. गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नाव हॉयल यांनीच १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना दिलं. आपले जयंत नारळीकर हे हॉयल यांचे केंब्रिजमधले शिष्य आणि पुढे सहकारी, त्यामुळे मराठी वाचकाला या वादाची दुसरी बाजू घरातूनच माहीत आहे.

१९५१च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात महास्फोटाचा संबंध थेट ईश्वरी सृष्टिनिर्मितीशी जोडला. आपल्या सिद्धान्ताला खुद्द पोपचा आशीर्वाद मिळाला म्हणून लमेत्र हरखले असतील असं वाटेल, पण ते अस्वस्थ झाले. हा सिद्धान्त निरीक्षणांवर टिकेल किंवा पडेल, धर्माच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. अखेर निकाल लावला तो पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनातल्या न हटणाऱ्या खरखरीने, म्हणजे महास्फोटाच्या मागे उरलेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाने. त्या शोधाची बातमी लमेत्र यांना १९६६ साली, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी कळली. पाद्री बरोबर निघाला आणि निरीश्वरवादी चुकला, यावरून देवाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. याच्या उलट घडलं असतं तरी झालं नसतं.

‘डार्विन शेवटी देवाला शरण गेले.’

ही कथा लेडी होप नावाच्या बाईंच्या हवाल्याने १९१५ साली, म्हणजे डार्विन जाऊन ३३ वर्षं झाल्यावर, बोस्टनमध्ये छापून आली. वडिलांच्या अखेरच्या दिवसांत जवळ असलेल्या मुलीने, हेन्रिएटाने, ती साफ नाकारली. स्वतः डार्विन यांनी १८७९च्या एका पत्रात आपल्याला अज्ञेयवादी म्हणणं जास्त बरोबर, असं लिहून ठेवलं आहे.

‘संगणकाने देवाचं अस्तित्व सिद्ध केलं.’

२०१३ साली ही बातमी जगभर फिरली. थोर तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी ईश्वराच्या अस्तित्वाची एक तार्किक सिद्धता रचली होती, पण हयातीत छापली नाही. ती सुधारित रूपात दोन संशोधकांनी संगणकाकडून तपासून घेतली. संगणक इतकंच म्हणाला की ही गृहीतकं मान्य केली तर हा निष्कर्ष निघतो. गृहीतकं खरी आहेत का, हे संगणकाला कोणी विचारलंच नव्हतं. पुढे त्याच दोघांनी दाखवलं की गोडेल यांची मूळ गृहीतकं परस्परविरोधी आहेत. ही दुसरी बातमी मात्र तेवढी फिरली नाही.

‘इस्रोचे प्रमुख तिरुपतीला जातात, म्हणजे काहीतरी असणारच.’

उड्डाणाआधी यानाची छोटी प्रतिकृती बालाजीच्या चरणी ठेवली जाते, हे खरं आहे. त्यावर कपाळाला आठ्या घालणारे आहेत, अभिमान वाटणारेही आहेत. पण यान भरकटलं तर चौकशी समिती झडपा, दाब आणि सॉफ्टवेअर तपासते. दर्शन नीट झालं होतं का, हे अहवालात येत नाही, आणि दर्शनाला गेलेल्या शास्त्रज्ञालाही ते तिथे यावं असं वाटत नाही. श्रद्धा आणि काम असं वेगळं राहतं, याचं आणखी एक उदाहरण: १९७९चं भौतिकीचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळून मिळालं. सलाम यांनी मेजवानीच्या भाषणात कुराणातल्या ओळी म्हटल्या, तर वाइनबर्ग जाहीर निरीश्वरवादी. दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेला सिद्धान्त एकच.

‘देवाबद्दल विज्ञानाला काही तपासताच येत नाही.’

अर्धं खरं. स्पिनोझाच्या देवाला कुठल्याही प्रयोगशाळेत बोलावता येत नाही. पण ‘अमुक केलं की तमुक होतं’ असा दावा आला की तो तपासता येतो. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा प्रार्थनेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रार्थना करणाऱ्या गटांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं जाई. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांत ५१ टक्के. प्रार्थना नक्की होणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. लोक आपल्यासाठी साकडं घालताहेत म्हणजे प्रकरण गंभीर असणार, या धास्तीने असं झालं असेल, अशी एक शंका पुढे आली.

आपल्याकडे पुण्यात याच धर्तीवर नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते, हा ज्योतिषाचा दावा तपासला. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांतल्या २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.