जीपचा पांढरा धूर : आधी ओळखा, मग इंजिन खोला



बैल आजारी पडला तर आपण आधी काय पाहतो? रवंथ करतो का, कान गार पडलेत का, शेण कसे टाकतो. पण दारातली जुनी डिझेल जीप पांढरा धूर टाकू लागली, की पहिलाच सल्ला मिळतो, "इंजिन खोला." त्या एका शब्दापायी वर्षाची मिळकत गॅरेजात जाऊ शकते. म्हणून हा धूर ओळखायचा कसा, ते आज पाहू.

काही वर्षांपूर्वी बकरी ईदच्या आधी मी मुंबईत देवनारला गेलो होतो. महापालिकेचा इथला कत्तलखाना १९७१ सालापासून चालू आहे. ईदच्या आधी इथल्या बाजारात लांबलांबून बकरे येतात. संगमनेरकडचे बापलेकही आले होते. बकरे भाड्याच्या ट्रकमध्ये आणि मागून घरची जुनी जीप. कसारा घाट उतरून जीप आली, ती पांढरा धूर सोडतच. बकऱ्यांना भाव चांगला मिळाला, तरी बापाचा चेहरा उतरलेला. गावच्या मिस्त्रीने सांगितले होते, "हेड गेले, इंजिनाचे काम काढावे लागेल." म्हणजे बकऱ्यांचे पैसे जीपच खाणार!

शेजारी उभ्या ट्रकच्या वयस्क ड्रायव्हरने विचारले, "दादा, गाडी पाणी पिते का?"

"नाही."

"धूर कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

"त्याआधी गाडीला शेवटचा हात कशासाठी लावला होता?"

मुलगा म्हणाला, "काका, डिझेल पंप उतरवून दुरुस्त केला होता."

म्हातारा हसला. त्याने सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पांढरे फडके क्षणभर धरले आणि त्याचा वास घेतला. कच्च्या डिझेलचा वास, फडक्यावर तेलकट डाग. "हेड नाही गेले. पंप बसवताना टायमिंग चुकले असेल," तो म्हणाला.

आता यामागचे कारण समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा जोराने दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत बारीक फवाऱ्याने आलेले डिझेल आपोआप पेटते. हवा पुरेशी तापली नाही, फवारा बिघडला किंवा डिझेल वेळ चुकवून आले, तर ते अर्धवट जळते आणि पांढऱ्या धुराने बाहेर पडते. दुसरे कारण पाण्याचे. इंजिनात पाणी शिरले, तर त्याची वाफ होऊन तीही पांढरीच दिसते. धूर एका रंगाचा, पण दुखणी दोन. ती वेगळी करता आली, की निम्मे काम झाले.

थंडीच्या सकाळी गाडी चालू करताच थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापले की थांबतो. त्याची काळजी नको. इंजिन तापल्यावरही धूर येत राहिला, तर या क्रमाने पाहा.

पहिले, फडक्याची परीक्षा. ती उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. डोळे चुरचुरले आणि तेलकट डाग पडला, तर न जळलेले डिझेल. नुसती ओल येऊन डाग न पडता वाळली, तर पाण्याचा संशय धरा.

दुसरे, रेडिएटर. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. बाहेर कुठे गळती नसताना पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा किंवा हेडला चीर पडल्याचा संशय खरा.

तिसरे, ऑइलची पट्टी. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. मग गाडी एक पाऊलही चालवू नका, सेल्फही मारू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.

पाणी आणि ऑइल ठीक असेल, तर दुखणे डिझेलच्या बाजूचे. तिथे स्वस्तातले आधी, महागातले शेवटी. फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का, पाइपात हवा धरली आहे का, ते पाहा. इंजिन तापते म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला आहे का, तेही विचारा. त्याने इंजिन गारच राहते आणि धूर वाढतो. गाडीला हीटर प्लग असतील, तर ते तपासून घ्या. मग नोझल उतरवून चाचणीच्या यंत्रावर लावा. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब गळता कामा नये. चालू इंजिनात नोझलपाशी हात नेऊ नका; तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. त्यानंतर पंपाचे टायमिंग आणि टॅपेट. एवढ्यानेही धूर राहिला, तरच कॉम्प्रेशन मोजा. ते कमी भरले, तर मात्र इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. एअर क्लीनर आधी साफ करा.

भगिनींनो, घरचा हिशेब पुष्कळदा तुम्ही ठेवता. त्याच वहीत एक पान गाडीसाठी ठेवा. कोणत्या दिवशी काय काम केले, पाणी किती घातले, ऑइल कधी बदलले, एवढे लिहा. मिस्त्रीला ते पान दाखवले, तर तो अंदाजाने हात घालणार नाही.

देवनारजवळच्या एका गॅरेजात त्या जीपच्या पंपाचे टायमिंग पुन्हा लावले. दोन तासांत धूर थांबला. हेड जसेच्या तसे राहिले आणि बकऱ्यांचे पैसे घरी पोचले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत व्हायची नसेल, तर इंजिनाला पाना लावण्याआधी एक पांढरे फडके हाती घ्या.