भूलविद्येच्या शाळेंत प्रवेशपरीक्षेच्या गुणांचें मोल

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो, "गुण किती मिळाले?" या प्रश्नांत वावगें कांहीं नाहीं. परंतु गुण हें कशाचें माप आहे, व ज्या कामासाठीं ते मागितले जातात त्या कामाशीं त्यांचा संबंध कितपत आहे, याचा विचार क्वचितच होतो. असा विचार करण्यास अमेरिकेंतील एक उदाहरण आम्हांस फार उपयुक्त वाटतें. तेथें शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणाऱ्या परिचारिकांचा एक स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यवसाय आहे. आणि त्याच्या शिक्षणक्रमांत प्रवेश मागणाऱ्या बहुतेकांस एक शंका छळीत असते, ती ही कीं, प्रवेशपरीक्षेचे गुण खरोखर किती पाहिले जातात?

प्रथम हा व्यवसाय कसा उत्पन्न झाला तें थोडक्यांत पाहूं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगविलें, व त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हांपासून शस्त्रक्रियेच्या यातना टळल्या. परंतु एक नवें संकट उभें राहिलें. ईथर देण्याचें काम पुष्कळदां एखाद्या शिकाऊ डॉक्टरावर पडे. त्याचे डोळे शस्त्रवैद्याच्या हाताकडे लागलेले, आणि रोग्याच्या श्वासाकडे मात्र कोणाचेंच लक्ष नाहीं! म्हणून कित्येक शस्त्रवैद्यांनीं हें काम परिचारिकांस शिकविलें. मिनेसोटा संस्थानांतील रॉचेस्टर येथें मेयो बंधूंच्या हाताखालीं काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ या बाईंनीं १९०६ सालीं आपल्या चौदा हजारांहून अधिक रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत केवळ भुलीमुळें एकही मृत्यु झालेला नव्हता. त्या ईथर देतां देतां रोग्याशीं बोलून त्याची भीति घालवीत, व त्याच्या चर्येवरील लहानसा फेरबदलही नजरेंतून सुटूं देत नसत. पुढें अगाथा हॉजिन्स या बाईंनीं १९१५ सालीं क्लीव्हलंड येथें या विद्येची शाळा काढली, आणि १९३१ सालीं त्यांच्याच पुढाकारानें या परिचारिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

आज या शिक्षणाची पायरी बरीच उंच झाली आहे. १ जानेवारी २०२२ पासून नव्यानें प्रवेश घेणाऱ्या सर्वांस डॉक्टरेटच्या दर्जाचाच क्रम पुरा करावा लागतो, व त्यास निदान छत्तीस महिने लागतात. प्रवेशापूर्वीं पदवी पाहिजे, नोंदलेल्या परिचारिकेचा परवाना पाहिजे, आणि अतिदक्षता विभागांत निदान एक वर्ष पूर्ण वेळ काम केलेलें पाहिजे. हे नियम सर्व शाळांस सारखेच लागू आहेत. ज्या परीक्षेविषयीं शंका विचारली जाते ती मात्र या सार्वत्रिक नियमांत नाहीं. ती मागावयाची कीं नाहीं हें प्रत्येक शाळा आपल्यापुरतें ठरविते.

या परीक्षेचें नांव ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन, म्हणजे जी. आर. ई. असें आहे. तिचे तीन भाग असतात. शब्दज्ञान व वाचन या भागास १३० पासून १७० पर्यंत गुण, गणितास तितकेच, आणि लेखनास शून्यापासून सहापर्यंत. एकदां मिळालेले गुण पांच वर्षें ग्राह्य धरले जातात. ही परीक्षा परिचारिकांसाठीं मुद्दाम रचलेली नाहीं. इतिहासाचा विद्यार्थी आणि यंत्रशास्त्राचा विद्यार्थी हेही तीच परीक्षा देतात. तींतील गणित अंकगणित, बीजगणित, भूमिति व आंकडेवारी यांपुरतें, म्हणजे बहुतांशीं हायस्कुलांतील इयत्तांत शिकविलें जाणारेंच असतें.

तर मग गुणांचें महत्त्व किती? शाळांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. कांहीं शाळा ही परीक्षा सर्वांकडून मागतात, व त्यांपैकीं कांहींनीं किमान गुणांची मर्यादाही घातलेली असते. कांहीं शाळा पदवीपरीक्षेंत उत्तम यश मिळविणारांस तींतून सूट देतात. आणि पुष्कळ शाळांनीं अलीकडे ती मुळींच काढून टाकली आहे. पहिल्या वर्गांतील शाळांत हे गुण दाराच्या उंबरठ्यासारखे आहेत. उंबरठा ओलांडल्यावांचून घरांत जातां येत नाहीं हें खरें. पण उंबरठा ओलांडला एवढ्यानेंच पंक्तीस पाट मिळत नाहीं.

पाट कोणास मिळतो, हें पाहण्यासाठीं कामाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. समजा, सत्तर किलो वजनाच्या रोग्यास प्रत्येक किलोमागें दोन मिलिग्रॅम या मानानें एक औषध द्यावयाचें आहे, व त्या औषधाच्या एका मिलिलिटरांत दहा मिलिग्रॅम अंश आहे. मग एकशेंचाळीस मिलिग्रॅम, अर्थात् चौदा मिलिलिटर औषध लागेल. हें त्रैराशिक शाळेंतील कोणीही हुशार मूल करील. परंतु रोगी वृद्ध असेल, त्याचें हृदय अशक्त असेल किंवा रक्तस्राव झाला असेल, तर तेवढेंच औषध त्यास सोसेल काय? रक्तदाब एकाएकीं उतरूं लागला तर प्रथम काय करावें? हें त्रैराशिकानें कळत नाहीं. तें शरीरशास्त्राच्या व औषधिशास्त्राच्या पक्क्या ज्ञानानें, आणि गंभीर रोग्यांच्या उशाशीं जागून काढलेल्या रात्रींनीं कळतें. म्हणूनच निवड करणारे लोक विज्ञानविषयांतील गुण, अतिदक्षता विभागांतील अनुभव, वरिष्ठांचीं शिफारसपत्रें आणि प्रत्यक्ष मुलाखत यांवर अधिक भर देतात. मुलाखतींत तर कित्येकदां एखाद्या रोग्याचीच स्थिति सांगून उमेदवाराचा विचार कसा चालतो तें पाहतात.

याचा अर्थ परीक्षा निरर्थक असा मात्र कोणी करूं नये. ज्यांचे पदवीचे गुण बेताचे आहेत, त्यांस जी. आर. ई. चे चांगले गुण कांहींसा आधार देऊं शकतात. विज्ञानाचे विषय पुन्हां शिकून त्यांत उत्तम गुण मिळविणें हा आधार तर त्याहूनही बळकट. शिवाय, शिक्षण संपल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून हा व्यवसाय करतां येत नाहीं. तेव्हां नेमकें वाचणें, वेळेंत विचार करणें व संगणकापुढें न गोंधळणें ही संवय ज्यांस नाहीं, त्यांची अडचण पुढें कधींतरी होणारच. परीक्षेवांचून हा मार्ग नाहीं. परीक्षेनेंच तो संपतो असेंही नाहीं.

आपल्याकडील मुलींस व मुलांस यांत आणखी एक गोष्ट जाणून घेणें अवश्य आहे. हिंदुस्थानांत भूल देण्याचें काम त्या शास्त्राचे डॉक्टर करतात, त्यामुळें असा स्वतंत्र पेशा येथें परिचारिकांस नाहीं. येथून नर्सिंगची पदवी घेऊन अमेरिकेस जाणाऱ्या परिचारिकेस आपल्या शिक्षणाची तपासणी करून घ्यावी लागते, इंग्रजी भाषेची परीक्षा द्यावी लागते, व तेथील परवान्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. अतिदक्षता विभागांतील अनुभवही अमेरिकेंतील रुग्णालयांतलाच मागितला जातो. या पायऱ्या चुकवितां येत नाहींत. त्यांच्या मानानें जी. आर. ई. ही लहान बाब आहे.

पालकांस आमची विनंति अशी कीं, शिकवणीवर्गांवर पैसा खर्च करण्यापूर्वीं, ज्या शाळांकडे अर्ज करावयाचा आहे त्यांची यादी करून प्रत्येकीचे नियम आधीं वाचावे. यादींतील एकही शाळा परीक्षा मागत नसेल तर तो वेळ व द्रव्य दुसऱ्या तयारीस लावावें. मागत असेल तर परीक्षा नीट तयारीनें व वेळेवर द्यावी. या शिक्षणाच्या काळांत नोकरी करणें बहुधा शक्य होत नाहीं, व कर्जाचा भार कुटुंबावर येतो; म्हणून प्रत्येक रुपया विचारानेंच वेंचला पाहिजे.

आणि विद्यार्थ्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, एखाद्या परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून आपली लायकी संपली असें मानूं नका, आणि पुष्कळ मिळाले म्हणून ती सिद्ध झाली असेंही मानूं नका. बेशुद्ध पडलेला रोगी आपल्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेस तिचे गुण विचारीत नाहीं. त्याचा प्रत्येक श्वास तिच्या ज्ञानावर व लक्षावर अवलंबून असतो. तें ज्ञान आणि तें लक्ष अंगीं बाणविण्याचा अभ्यास आजच्या गणिताच्या व शरीरशास्त्राच्या धड्यापासूनच सुरू होतो.