कॅरोटिन : भाजीतले आणि बाटलीतले

भिलाईच्या पॉवर हाउस किंवा सुपेला भागात सकाळच्या वेळी बाजाराला गेलात, तर पालेभाज्यांचे ढीग आपले लक्ष वेधून घेतात. छत्तीसगडी बोलीत ‘भाजी’ म्हणजे पालेभाजीच. विदर्भातून नोकरीनिमित्त येथे आलेल्या गृहिणीला लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, मुनगा म्हणजे शेवगा आणि चरोटा म्हणजे टाकळा, ही ओळख पटायला वेळ लागत नाही. या स्वस्त पानांतील एक मोलाचा घटक औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या रूपानेही मिळतो. त्याचे नाव बीटा-कॅरोटिन. मग भाजीची यातायात कशाला, रोज एक गोळी घेतली म्हणजे झाले, असे आपणांस वाटेल. परंतु हे दोन मार्ग सारखे नाहीत.

कॅरोटिन हे नारिंगी रंगद्रव्य. 1831 साली जर्मनीतील वाकेनरोडर यांनी ते गाजरापासून वेगळे केले. पपई, आंबा, तांबडा भोपळा यांतही ते असते. पालेभाजीत मात्र ते हिरव्या रंगाआड लपलेले असते. शरीर त्यापासून गरजेपुरते जीवनसत्त्व ‘अ’ बनवते. हे जीवनसत्त्व कमी पडले, की प्रथम तिन्हीसांजेनंतर नीट दिसेनासे होते. दुर्लक्ष झाल्यास बुबुळ कोरडे पडून बालकाची दृष्टी कायमची जाऊ शकते. पांढऱ्या तांदळात कॅरोटिन जवळजवळ नसतेच. म्हणून भात खाणाऱ्या मुलखात ताटातील भाजीचे महत्त्व विशेष. तिला तेलाची फोडणी अवश्य द्यावी. स्निग्ध पदार्थ असला तरच कॅरोटिन अंगी लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रातांधळेपणा व अंधत्व टाळण्यासाठी आपल्या देशात 1970 साली सुरू झालेल्या कार्यक्रमात लहान मुलांना जीवनसत्त्व ‘अ’चा डोस पाजण्यात येतो. ते कॅरोटिन नव्हे, तयार जीवनसत्त्व होय. आरोग्यसेविका ते मोजून देते. तो डोस चुकवू नये.

आता गोळीकडे वळू. भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे दिसून आल्यावर त्याचे श्रेय कॅरोटिनला असावे, अशी आशा निर्माण झाली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे 29,000 पुरुषांवर ती पारखण्यात आली. 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो धक्कादायक होता. रोज 20 मिलिग्रॅम कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले अशा 18,000 हून अधिक लोकांवर असाच प्रयोग चालू होता. त्यांना 30 मिलिग्रॅम कॅरोटिनसह जीवनसत्त्व ‘अ’ही दिले जाई. तेथे हे प्रमाण 28 टक्क्यांनी वाढलेले दिसले आणि 1996 साली प्रयोग मुदतीच्या 21 महिने आधीच थांबवावा लागला. धुराने पोळलेल्या फुप्फुसात कॅरोटिनचा मोठा साठा पेशींना उलट अपायकारक ठरत असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

भिलाईत पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. तेव्हापासून या गावाने कष्टकऱ्यांच्या पिढ्या पाहिल्या. पाळी संपल्यावर विडी-सिगारेट ओढणारा माणूस अशा कोणत्याही कारखान्याच्या गावी आढळतो. शक्ती येईल या समजुतीने घरची माणसे त्याच्यासाठी गोळ्यांची बाटली आणतात. हेतू प्रेमाचा, पण परिणाम घातक होऊ शकतो. तेव्हा बाटलीवरील मजकूर वाचा. डोळ्यांच्या गोळ्यांतही कॅरोटिन असू शकते; विडी ओढणाऱ्याने अथवा ती सोडलेल्याने डॉक्टरांना ही गोष्ट सांगूनच त्या घ्याव्यात.

भाजीबाबत मात्र अशी भीती बाळगू नये. गाजर-पपई अतिशय खाल्ल्याने तळहात पिवळसर झाले, तरी खाणे कमी करताच ते पूर्ववत होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर मात्र ती कावीळ असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

फुप्फुसाच्या रक्षणाचा खरा उपाय गोळीत नाही. विडी सोडावी, आणि गोळ्यांच्या पैशांत रोज एक जुडी भाजी आणावी. तिचा लाभ कमावत्या माणसाबरोबर घरच्या लेकरांनाही होईल.