शास्त्रज्ञांची नावे आणि इंग्रजीतील 'द'

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. त्याच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. यंदा त्या निमित्ताने नववीच्या वर्गाने इंग्रजीत एक भित्तिपत्रक तयार केले. ते तपासताना मी दोन ठिकाणी तांबडी रेघ ओढली. 'रामन इफेक्ट'च्या आधी 'द' हवे होते, ते नव्हते. 'बॉइल्स लॉ'च्या आधी नको होते, ते होते. एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, दोन्ही शास्त्रज्ञांचीच नावे. मग एकाला 'द' आणि दुसऱ्याला नाही, असे का?" 'असेच लिहितात' यापलीकडे मला त्या क्षणी काही सांगता आले नाही. ते उत्तर नव्हे, हे तिलाही कळले असावे. म्हणून हा लेखप्रपंच.

मराठीत किंवा माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, 'द'सारखा शब्दच नाही. त्यामुळे आपला कान येथे साहाय्य करीत नाही, उलट फसवितो. 'माझे ते पुस्तक' असे आपण सहज म्हणतो. कोंकणीतही 'म्हजें तें पुस्तक' म्हणतात. वस्तू कोणाची हे सांगणारा शब्द आणि ती कोणती हे दाखविणारा शब्द, दोघेही एका नामापुढे गुण्यागोविंदाने नांदतात. इंग्रजीस हे रुचत नाही. तेथे नामापुढे या दोघांसाठी आसन एकच! 'माय बुक' म्हटले की 'द'ला बसावयास जागा उरत नाही. 'बॉइल्स लॉ' म्हणजे बॉइलचा नियम. त्यातील षष्ठीने ते आसन आधीच घेतलेले असते. 'न्यूटन्स सेकंड लॉ'चेही तेच.

'रामन इफेक्ट'मध्ये मात्र षष्ठी नाही. रामन हे नाव तेथे विशेषणासारखे येऊन परिणाम कोणता एवढेच सांगते. आसन रिकामे राहते आणि 'इफेक्ट' हे मोजता येणारे, एकवचनी नाम असल्यामुळे तेथे 'द' लागते. 'द डॉप्लर इफेक्ट', 'द चंद्रशेखर लिमिट' ही त्याच पंक्तीतली. प्लांक यांच्या स्थिरांकाचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. 'प्लांक्स कॉन्स्टंट' शुद्ध, 'द प्लांक कॉन्स्टंट'ही शुद्ध. अशुद्ध आहे ते 'द प्लांक्स कॉन्स्टंट'.

जीवशास्त्रातील 'द क्रेब्स सायकल' पाहून कोणी गोंधळेल. तेथील 'स' षष्ठीचा नव्हे. हान्स क्रेब्स या शास्त्रज्ञाच्या आडनावातलाच तो आहे. 'ब्राउनियन मोशन'ला षष्ठी नसूनही 'द' लागत नाही, कारण तेथे 'मोशन' म्हणजे गती, आणि ती एक, दोन अशी मोजली जात नाही.

आकृत्यांना व कोष्टकांना आपण क्रमांक देतो, तेव्हा तो क्रमांक हेच त्यांचे नाव होते. म्हणून प्रयोगवहीत 'फिगर ३', 'टेबल २' एवढेच लिहावे. भित्तिपत्रकात याही चुका होत्या. त्या माझ्या नजरेतून सुटल्या आणि त्याच विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी आपण होऊन दुरुस्त केल्या.