यष्टीवरचा रुपया

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून आगगाडीने निघालेली मुले दादरला उतरली, की तेथून जवळच त्यांना शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान दिसते. याच मैदानावर रमाकांत आचरेकर यांनी अनेक वर्षे मुलांना क्रिकेटचे धडे दिले.

त्यांची एक रीत मोठी मनोवेधक होती. सराव संपत आला, की ते मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाल सचिन तेंडुलकरला बाद करील, त्याला ते नाणे मिळे. सचिन अखेरपर्यंत नाबाद राहिला, तर ते त्याचे होई.

अंग थकले म्हणजे मन भरकटते, नजर चेंडूवरून ढळते आणि फटका चुकतो. क्रिकेट असो वा बेसबॉल, दोन्ही खेळांत ही चूक महागात पडते. ‘लक्ष दे’ असे नुसते सांगून ती सुधारत नाही. नाणे पणाला लागले, की मात्र गोलंदाज त्वेषाने चेंडू टाकी आणि फलंदाज डोळ्यांत तेल घालून खेळे.

अशी १३ नाणी सचिनने जिंकली. १९९० साली आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. २०१९ साली ते निवर्तले. जगभर मानसन्मान मिळवूनही तेंडुलकर यांनी ती नाणी मोलाची मानली. थकल्यावरही एकाग्र राहण्याची जी सवय त्यांना लागली, तीच त्या नाण्यांची खरी किंमत होय.