दोन संहिता, एक करार : साधनचिकित्सेचा एक पाठ

अस्सल साधन विद्यार्थ्याच्या हाती दिले म्हणजे साधनचिकित्सा शिकविली, असा समज इतिहासाच्या वर्गात अनेकदा आढळतो. वस्तुतः तेथे तिचा केवळ आरंभ होतो. कागद कोणी, केव्हा व कशासाठी लिहिला, हे विद्यार्थी विचारतात. परंतु ज्यांनी त्यास संमती दिली त्यांना तो कोणत्या भाषेत कळला, हा प्रश्न बहुधा राहून जातो. त्याचे महत्त्व पटविण्यास न्यूझीलंडमधील वाइतांगीच्या कराराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ब्रिटिश राणीच्या वतीने विल्यम हॉब्सन आणि माओरी प्रमुख यांच्यात हा करार ६ फेब्रुवारी १८४० रोजी झाला. इंग्रजी मसुद्याचे माओरी भाषांतर हेन्री विल्यम्स हे मिशनरी व त्यांचा पुत्र एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारीच्या रात्री केले. पुढील काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रमुखांनी करारास संमती दिली. त्यांपैकी इंग्रजी संहितेवर सह्या केल्या त्या अवघ्या ३९ जणांनी. म्हणजे ग्रंथांतून सामान्यतः उद्धृत होणारी इंग्रजी संहिता ही बहुसंख्य प्रमुखांनी मान्य केलेली संहिताच नव्हे.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजी संहितेच्या पहिल्या कलमानुसार प्रमुखांनी आपली सार्वभौम सत्ता राणीस दिली. माओरी संहितेत तेथे ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. ‘कावाना’ हे ‘गव्हर्नर’ या शब्दाचे माओरी रूप. ‘पाटील’पासून ‘पाटिलकी’ व्हावी, तसे त्यापासून हे भाववाचक नाम बनले आहे. दुसऱ्या कलमात इंग्रजी संहिता जमिनी, अरण्ये व मासेमारीची ठिकाणे यांचा निर्वेध ताबा प्रमुखांकडे ठेवते; माओरी संहिता मात्र ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखपदाचा पूर्ण अधिकार, त्यांच्याकडे राखते.

या शब्दांचा अर्थ आजच्या कोशात न शोधता तत्कालीन प्रयोगांत शोधण्यास विद्यार्थ्यांस शिकविले पाहिजे. माओरी बायबलमध्ये पिलात हा ‘कावाना’ आहे, तर स्वर्गाचे राज्य हे ‘रांगातिरातांगा’. उत्तरेकडील प्रमुखांच्या १८३५ च्या स्वातंत्र्यघोषणेत ‘रांगातिरातांगा’ हा शब्द स्वातंत्र्यासाठी, ‘किंगितांगा’ व ‘माना’ हे सर्वोच्च सत्तेसाठी, तर ‘कावानातांगा’ हा केवळ राज्यकारभारासाठी योजिला आहे. आणि तो कारभार प्रमुखांनी नेमलेल्या व्यक्तींनीच करावयाचा आहे. हा संदर्भ ज्ञात असलेल्या प्रमुखास पहिल्या कलमात सत्तात्याग दिसला असेल काय, हा प्रश्न येथे उभा राहतो.

मात्र येथेच थांबणे धोक्याचे आहे. भाषांतरातील तफावतीवरून फसवणुकीचा हेतू आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय करार केवळ वाचला गेला नाही. तो सभेत समजावून सांगितला गेला आणि त्यावर भाषणे झाली. प्रमुखांना करार खरोखर कळला आहे काय, अशी शंका विल्यम कोलेन्सो यांनी त्याच वेळी हॉब्सन यांच्यापुढे मांडली, असे त्यांच्या वृत्तान्तावरून दिसते. परंतु तो वृत्तान्त १८९० साली, म्हणजे पन्नास वर्षांनी, प्रसिद्ध झाला. म्हणजे एका साधनाची चिकित्सा करण्यासाठी घेतलेले दुसरे साधनही तीच चिकित्सा मागते.

हा वाद निव्वळ पंडिती नाही. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वाइतांगी न्यायाधिकरणास दोन्ही संहिता विचारात घ्याव्या लागतात. फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या उत्तरेकडील प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व सोडले नव्हते, असा निष्कर्ष त्याने २०१४ मध्ये काढला. सरकारने मात्र सत्तेविषयीची आपली भूमिका बदलली नाही.

मराठीतून हा करार अभ्यासणाऱ्यापुढे तर तिसरी भाषा येते. दोन्ही संहितांसाठी त्याने ‘सार्वभौमत्व’ हा एकच शब्द वापरला, की जो वाद समजून घ्यावयाचा तोच नाहीसा होतो. म्हणून मूळ शब्द कायम ठेवून त्याचे स्पष्टीकरण देणे ही साधनचिकित्सेची पहिली शिस्त होय.