अक्कलदाढ : दुखणे, काढणे आणि त्यानंतरची काळजी

आपल्या शाळेतून दहावी-बारावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी सोळा ते अठरा वर्षांचा असतो. पुढील शिक्षणासाठी किंवा रोजगारासाठी तो शहरात जातो, चौघांत मिळून खोली करतो अथवा एखाद्या वसतिगृहात जागा मिळवितो. साधारणतः १७ ते २५ या वयात त्याच्या तोंडात शेवटची दाढ येऊ लागते. घर दूर, हाती पैसा बेताचा, परीक्षा जवळ आलेली आणि रात्रभर जबडा ठणकतो आहे, ही अवस्था आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेली आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे अक्कलदाढेचा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे. उपचार कोणता करावयाचा हे दंतवैद्यच ठरवील; परंतु त्याच्याकडे वेळीच जावे एवढी समज आपल्या घराघरांत असली पाहिजे.

नाव अकलेचे कसे पडले?

ही दाढ जाणत्या वयात उगवते, एवढ्यावरून तिला हे नाव मिळाले. ‘अक्कल’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि अरबी भाषेतही या दाढेचे नाव अकलेवरूनच आहे. लॅटिन व इंग्रजी भाषांतही तिला शहाणपणाचाच दात म्हणतात. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात, माणसाच्या शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात आणि क्वचित उतारवयातही अतिशय वेदना देत येतात, असे नोंदविले आहे. याचा अर्थ, हे दुखणे किमान तेवीसशे वर्षांपासून माणसाला ठाऊक आहे. अकलेशी मात्र या दाढेचा काडीमात्र संबंध नाही. ती आली म्हणून कोणी शहाणा होत नाही आणि काढली म्हणून कोणाची बुद्धी कमी होत नाही. कित्येकांना तर ती जन्मभर येतच नाही.

दाढ अडकते म्हणजे काय होते?

प्रौढ माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. त्यांपैकी वर-खाली, दोन्ही बाजूंना अगदी मागे असलेल्या चार म्हणजे अक्कलदाढा. बाकीचे सर्व दात आपापली जागा धरून बसल्यावर त्या येतात. जबडा पुरेसा लांब असेल तर त्या सरळ उगवतात आणि इतर दाढांसारख्याच उपयोगी पडतात. जबडा आखूड असेल तर त्यांना जागा उरत नाही. मग एखादी दाढ पुढच्या दाढेवर कलते, एखादी हाडात आडवी राहते, तर एखादी अर्धी बाहेर येऊन थांबते.

सर्वांत जास्त त्रास देते ती अर्धवट उगवलेली खालची दाढ. तिच्यावर हिरडीची एक झडप राहते. त्या झडपेखाली अन्नाचे कण अडकतात, ब्रश तेथवर पोहोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. तोंडाला दुर्गंधी येते, गिळताना घसा दुखतो, कानापर्यंत कळ जाते, तोंड उघडेनासे होते, कधी तापही येतो. चार-पाच दिवसांत हे आपोआप ओसरते आणि माणूस निर्धास्त होतो. परंतु मूळ कारण तसेच राहिल्याने काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच पुन्हा उद्भवते. शिवाय कललेली दाढ आणि पुढची चांगली दाढ यांच्या सांध्यात कीड लागते, ती वेगळीच. अशा वेळी एका निरुपयोगी दाढेपायी दुसरी कामाची दाढ गमवावी लागते.

सोसणे आणि घरगुती उपाय

आपल्या माणसांना दुखणे अंगावर काढण्याची सवय आहे. एक दिवस दवाखान्यात घालविला तर एक दिवसाची मजुरी बुडते, हा हिशेब त्यामागे असतो आणि तो खोटा नाही. वसतिगृहात राहणारी मुलेही घरी काळजी नको म्हणून बोलत नाहीत. बारावीच्या एका विद्यार्थ्याने आठ दिवस दाढेत लवंग धरून आणि गालाला गरम फडक्याचा शेक देऊन अभ्यास केला. नवव्या दिवशी त्याच्या तोंडात चमचासुद्धा जाईना. परीक्षेचा पहिला पेपर त्याने सुजल्या गालाने आणि उपाशीपोटी लिहिला. दाढ काढावयास हवी असे दंतवैद्याने सांगितले, तेव्हा त्याच्या आईने हात जोडून एकच विचारले, “सर, पोराच्या डोळ्याला तर काही होणार नाही ना?”

हा प्रश्न आम्ही अनेक मातांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. दृष्टीची चेता ही मेंदूतून निघणाऱ्या चेतांपैकी दुसरी आहे. दाढांची संवेदना वाहून नेणारी चेता पाचवी आहे. दोहोंचा मार्ग वेगळा आणि कार्यही वेगळे. त्या पाचव्या चेतेच्या शाखा कपाळाकडे आणि डोळ्याभोवतीही जातात, त्यामुळे दाढेची कळ कधी डोळ्याजवळ जाणवते. पण पाहण्याचे काम त्या शाखा करीत नाहीत. शिवाय उतारवयात दात पडणे आणि नजर मंदावणे या दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात. त्यावरून लोकांनी एकीला दुसरीचे कारण मानले असावे. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. सुजलेली दाढ तशीच ठेवल्याने मात्र जंतुसंसर्ग जबड्याखाली, मानेत उतरू शकतो आणि श्वास कोंडून प्राणावर बेतू शकते.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लवंगेने थोडा वेळ बधिरता येते, संसर्ग जात नाही. सुजेवर गरम शेक दिल्याने सूज वाढण्याचा धोका असतो. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरल्यास कातडी भाजते. मिश्री, तंबाखू, खर्रा यांनी दुखणे थांबल्याचा भास होतो, पण हिरडी अधिकच बिघडते. आणि सुपारी-खर्ऱ्याच्या दीर्घ सवयीने गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणेच कमी होत जाते, ते निराळेच.

दाढ केव्हा काढावी?

प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. सरळ उगवलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी दाढ ठेवावी. इंग्लंडमधील सरकारी आरोग्य यंत्रणेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनातही, ज्या अडकलेल्या दाढेत काही विकार नाही ती उगाच काढू नये, असेच म्हटले आहे. वारंवार सूज येणे, दाढ किंवा तिच्या शेजारची दाढ किडणे, पू होणे, हाडात गाठ दिसणे ही काढण्याची कारणे होत. त्यासाठी संपूर्ण जबड्याचा क्ष-किरण फोटो काढतात. त्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात. दाढेची मुळे खालच्या ओठाची संवेदना नेणाऱ्या चेतेच्या किती जवळ आहेत, हे त्यात दिसते. चेतेला धक्का लागल्यास ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहू शकते. ही बधिरता बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत जाते, क्वचित कायम राहते. याविषयी दंतवैद्याला आधीच विचारण्यात संकोच करू नये.

आपल्याकडूनही काही गोष्टी त्याला सांगितल्या पाहिजेत : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, एखाद्या औषधाची ॲलर्जी. विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सिकलसेलचा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे आणि ताण यांमुळे त्याचा झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेल असलेल्याने ते कार्ड दाखवूनच पुढची तारीख घ्यावी.

भूल आणि शस्त्रक्रिया

ज्यांना खुर्चीची भीती वाटते त्यांनी थोडा इतिहास ध्यानात घ्यावा. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासात दाढेलाही स्थान आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचा दंतवैद्य होरेस वेल्स याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हसविणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून काढवून घेतली. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग जगासमोर यशस्वी करून दाखविला. त्यापूर्वी रुग्णाला चौघांनी धरून ठेवावे लागे. आज वापरले जाते ते लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने १९४३ साली तयार केले. त्याचे इंजेक्शन हिरडीत देतात आणि जबड्याचा तेवढाच भाग बधिर होतो. माणूस जागा असतो.

इंजेक्शनची सुई क्षणभर टोचते. मग ओठ जड वाटू लागतो. दाढ काढताना दाब आणि ओढ जाणवते, यंत्राचा आवाज ऐकू येतो, पण कळ येत नाही. आलीच तर हात वर करावा, डॉक्टर आणखी भूल देतात. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद देऊन, थोडे हाड बाजूला करून, कधी दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. बहुतेक वेळा हे काम तासाभराच्या आत होते. केवळ जागेवरची भूल द्यावयाची असेल तर उपाशी जाऊ नये, पोटभर जेवून जावे आणि सोबत घरचे कोणी न्यावे.

पहिला आठवडा

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. दाढ निघाल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी जमते. तीच त्या जखमेचे झाकण असते आणि तिच्याखालीच नवी त्वचा व हाड तयार होते. पुढील सर्व पथ्ये या गुठळीच्या रक्षणासाठी आहेत, हे समजले की ती पाळणे सोपे जाते.

डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा बोळा सांगतील तितका वेळ, साधारण पाऊण ते एक तास, घट्ट चावून धरावा. पहिले २४ तास थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. लाळ गिळावी. लाळेत किंचित लाली दिसणे स्वाभाविक आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, काढावा, पुन्हा ठेवावा. बर्फ नसेल तर थंड पाण्यात भिजविलेला रुमाल चालतो. झोपताना उशी उंच घ्यावी. बधिरता उतरण्यापूर्वी काही चावू नये, कारण ओठ चावला गेला तरी कळत नाही.

आहार गार किंवा कोमट आणि मऊ असावा : पेज, मऊ वरणभात, दही, ताक, कुस्करलेले केळे, पातळ खिचडी. भाकरी, ठेचा, चिवडा, शेंगदाणे आठवडाभर दूर ठेवावेत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळुवार चूळ फिरवावी. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली, ती मुखशुद्धीसाठीच. तेव्हा जखम सांभाळून बाकीचे दात रोज घासावेत. वेदनाशामक गोळी दिल्याप्रमाणे घ्यावी. प्रतिजैविक दिलेले असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस घ्यावे, मित्राच्या चिठ्ठीवर ते घेऊ नये. तंबाखू, विडी, मिश्री पूर्ण बंद ठेवावी. आणि आठवडाभर सुटलेली ही सवय पुन्हा न जोडली तर उत्तमच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चेहरा अधिक फुगलेला दिसला म्हणून घाबरू नये. विरघळणारे टाके नसतील तर ते साधारण सातव्या दिवशी काढतात. हिरडी काही आठवड्यांत भरते, आतील हाड भरण्यास काही महिने लागतात.

दुखणे कमी होत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी वाढले, कळ कानाकडे जाऊ लागली आणि तोंडाला घाण वास आला, तर गुठळी सुटून हाड उघडे पडले आहे असे समजावे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तंबाखू ओढणाऱ्यांत हा त्रास अधिक होतो. डॉक्टर खळगा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात आणि लवकर आराम पडतो.

अर्धा तास बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गिळता येत नसेल, श्वासाला अडथळा होत असेल किंवा जबड्याखाली, मानेवर सूज पसरत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जावे.

खर्चाची चिंता

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथे अल्प दरात ही शस्त्रक्रिया होते. जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. रांग लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते, हे खरे. परंतु बाजारात वा रस्त्याच्या कडेला पथारी मांडून दात उपटणाऱ्याकडे जाण्यापेक्षा ते शतपटीने बरे. दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत माणसानेच करावा, असा कायदा या देशात १९४८ पासून आहे.

शहरांत स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती आहे. गावाकडून आलेला एखादा धाकटा भाऊ गाल धरून बसलेला दिसला, तर त्याला गोळी देऊन झोपवू नका. केसपेपर काढून द्या, त्याच्यासोबत बसा आणि त्याच्या आईला फोन करून सांगा, डोळ्याला काही होत नाही.